पावाची गाडी आणि शेवटची पंधरा मिनिटं

माझ्या थोरल्या साडूंइतका पट्टीचा रसभंग करणारा माणूस दुबईपासून फुजैरापर्यंत सातही अमिरातींत दुसरा सापडणार नाही, हे मी जबाबदारीने लिहितो. मी रास अल खैमाच्या एका टाइल्सच्या कारखान्यात तपासणी खात्यात काम करतो. पट्ट्यावरून सरकत येणाऱ्या फरशीतली खोट काढायची आणि ती बाजूला ठेवायची, हाच माझा वीस वर्षांचा धंदा. त्यामुळे माणसाकडे बघतानाही माझी नजर आधी खोटीवरच जाते असं माझी बायको म्हणते. पण साडूंच्या बाबतीत नजरेला शोधायचे कष्टच पडले नाहीत. हा माणूस सिनेमाचा शेवट आधी सांगतो. कोणत्याही सिनेमाचा, कोणालाही, न विचारता. त्या काळी आम्ही गुरुवारी संध्याकाळी व्हिडिओच्या दुकानातून रहस्यपट आणायचो, शुक्रवारी सुट्टी म्हणून. कॅसेट मशीनमध्ये घालतो न घालतो तोच अल ऐनहून यांचा फोन. "काय आणलंत साडूबुवा?" मी नाव सांगायचं टाळायचो, पण पोस्टरवर काय आहे, नट कोण आहे, असे चार प्रश्न विचारून ते सिनेमा ओळखायचेच आणि लगेच म्हणायचे, "हां हां, तो. माळी खुनी आहे. बघा तुम्ही, एन्जॉय करा." एकदा मी चिडून म्हटलं की मी पैसे मोजून आणलाय हो. तर म्हणाले, "पाच दिरहम, म्हणजे साठ रुपये घालून तुम्ही तीन तास खुनी शोधणार. मी फुकटात सांगतो, तर तुम्हाला राग." अल ऐनच्या दुकानातला मल्याळी मालक तर त्यांना दारातच चहा देऊन बसवायचा आणि हात जोडून सांगायचा, "साब, कस्टमर के सामने कुछ मत बोलना, प्लीज." साडूंना तो मान वाटायचा.

नोकरी त्यांची इस्पितळातली यंत्रं सांभाळायची. एक्स-रे काढणारी, रक्त फिरवणारी, काय काय. यंत्रं त्यांच्या हाताखाली मुकाट चालायची, कारण यंत्रांना शेवट सांगून घाबरवता येत नाही. बाकी घरात, गाडीत, लग्नाच्या हॉलमध्ये, मंडळाच्या सहलीत हे गृहस्थ सतत कसलीतरी गोष्ट सांगत असायचे. अल ऐन हे राउंडअबाउटांचं गाव. दर मिनिटा-दोन मिनिटांनी एक गोल चक्कर लागतं. साडूंची गोष्ट रंगात आली की ते चक्करमधून बाहेरच पडायचे नाहीत. त्यांची ती साय रंगाची जुनी गाडी फुलांच्या ताटव्याभोवती दोनदा, तीनदा, एकदा तर मी मोजून सहा वेळा फिरली. ताई, म्हणजे माझी मेव्हणी, मागच्या सीटवरून थंडपणे म्हणायची, "अहो, आता घराकडे वळा, भात लावायचाय." ते म्हणायचे, "हा प्रसंग संपू दे." आणि मला गाडी लागायची.

त्यांच्या पोतडीत गोष्टी शंभर होत्या, पण जीव अडकलेला होता एकाच सिनेमात. सत्तरच्या दशकातला, युरोपातला, आणि सरळ सांगायचं तर चावट. दोन उनाड मित्र एका बेकरीची पावाची गाडी पळवतात. त्यांना एक केस कापणारी मुलगी येऊन मिळते. थंडीने गारठलेल्या गावातून ते तिघं दक्षिणेकडे समुद्र बघायला निघतात आणि वाटेत जिथे मुक्काम पडेल तिथे कोणीतरी चुकीच्या अंथरुणात सापडतं. एवढीच त्याची कथा. साडूंना तो सिनेमा म्हणजे विश्वसाहित्य वाटायचा. पुरुष मंडळी पत्ते खेळायला बसली की ते त्याची एक आवृत्ती सांगायचे, ती इथे लिहिण्यासारखी नाही आणि मला वाटतं त्या सिनेमात दाखवण्यासारखीही नसावी. खरी मजा यायची घरात, बायकामुलांसमोर, कारण तिथे ते त्याच सिनेमातला सगळा चावटपणा सोलून काढायचे आणि उरलेली साल सांगायचे.

एका वर्षी आमच्या सासूबाई गणपतीसाठी व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या. जेवणं झाल्यावर जावई गोष्ट सांगतोय म्हटल्यावर त्या पदर सावरून, हरितालिकेची कहाणी ऐकायला बसावं तशा बसल्या. साडू म्हणाले, "तर आई, त्यांना त्या गावात एकच खोली मिळते." सासूबाई म्हणाल्या, "तिघांना? मग?" "मग काय, झोपतात. दमलेले असतात." पुढच्या गावात ते तिघं पावसात भिजतात आणि कपडे वाळत घालतात. त्याच्या पुढच्या गावात नदी लागते, परत भिजतात, परत कपडे वाळत घालतात. चौथ्या वेळी सासूबाईंना राहवलं नाही. "सारखे काय भिजतात मेले? एक छत्री घेता येत नाही का बरोबर?" मी उठून गॅलरीत गेलो, कारण हसू दाबताना मला ठसका लागला होता. आत साडू गंभीरपणे सांगत होते की तिथे छत्र्या महाग असतात. शेवटी सासूबाईंनी विचारलं, "पण त्या पोरीचं काही मार्गी लागलं का?" आणि साडू क्षणभर थांबले. मी काचेतून बघत होतो, थांबलेच ते. मग म्हणाले, "हो तर. समुद्राकाठी चर्च असतं, तिथे त्यातल्या शहाण्या मुलाशी तिचं लग्न होतं." सासूबाई समाधानाने म्हणाल्या, "बरं झालं बाई, गुणी होती." मी ते थांबणं मनात टिपून ठेवलं. पट्ट्यावरच्या फरशीत केसाएवढी चीर दिसावी, तसं ते होतं.

त्यानंतर मी कान टवकारूनच बसायचो. वर्षभरात त्याच सिनेमाचा दुसरा शेवट ऐकला. पोरांना गाडीचं पेट्रोल वेळेवर बघण्याची शिस्त लागावी म्हणून यांच्या पावाच्या गाडीतलं पेट्रोल समुद्राच्या अलीकडे संपलं. इस्पितळात बढती दुसऱ्याच कोणाला मिळाली, त्या महिन्यात गाडीचा खरा मालक आला आणि गाडी घेऊन गेला. त्यांचा मुलगा शिकायला कॅनडाला गेला, तेव्हा दोघांतला एक मित्र वाटेत कुठल्याशा स्टेशनात पाणी प्यायला उतरला आणि उरलेल्या दोघांना तो गाडीत नाही हे बराच वेळ कळलंच नाही. त्या दिवशी गोष्ट तिथेच संपली आणि ताई उठून आत गेली. मी मात्र मनात म्हटलं, हा चौथा. सगळ्या जगाला शेवट सांगत सुटलेल्या या माणसाला स्वतःच्या लाडक्या सिनेमाचा शेवट माहीत नाही. मला जो आनंद झाला तो लपवण्यात अर्थ नाही. माळी, वकील, जुळा भाऊ, आंधळी मावशी, इतके खुनी या माणसाने माझ्या ताटातून उचलून नेले होते.

पुरावा मिळाला तो एका जुलैत. उन्हाळ्यात आमच्या सगळ्यांच्या बायकामुलांची रवानगी भारतात व्हायची आणि आम्ही दोन महिने अंडी उकडून खायचो. मी शुक्रवारी अल ऐनला साडूंकडे गेलो होतो. तेवढ्यात इस्पितळातलं कुठलंसं यंत्र बंद पडलं म्हणून त्यांना बोलावणं आलं आणि मी घरात एकटाच राहिलो. शोकेसमध्ये कॅसेटींची रांग होती. त्यात एकीवर ताईच्या नव्हे, साडूंच्या कोरीव अक्षरात 'गणपती' असं लिहिलेलं होतं. बायकोला जाऊन पाच आठवडे झाले होते, फोनवर तीन मिनिटांच्या वर बोलणं परवडायचं नाही. म्हटलं, निदान आरतीत तरी बघावी. मी कॅसेट मागे फिरवली, मशीनमध्ये घातली आणि पडद्यावर आली ती पावाची गाडी.

सबंध सिनेमा मी बघितला, उगाच खोटं कशाला बोलू. त्यात पहिली गोष्ट कळली ती ही की त्याला खाली इंग्रजी ओळीच नव्हत्या. कुठल्या भाषेत ती माणसं बोलत होती देव जाणे. म्हणजे साडूंनी इतकी वर्षं आम्हाला ऐकवलेले संवाद त्यांचे स्वतःचे होते. 'आयुष्य म्हणजे मुक्काम नव्हे, प्रवास' हे त्या मुलीचं वाक्य ते डोळे मिटून म्हणायचे. त्या जागी ती मुलगी एका बकरीवर ओरडत होती. आणि मग शेवट जवळ आला. गाडी वळणावळणाने डोंगर उतरायला लागली, लांबवर निळी रेघ दिसली, ती मुलगी सीटवर उभी राहिली, तिने ब्लाउजच्या गुंडीला हात घातला, पडदा एकदा थरथरला आणि समोर साडूंच्या दिवाणखान्यात आरती सुरू झाली.

मी स्वतःच तबक घेऊन उभा होतो. डोक्यावर तेव्हा केस होते. पहिल्याच खेपेला आलेल्या सासूबाई टाळ्या वाजवत होत्या, साडू डोळे मिटून घंटा हलवत होते, बायको हिरव्या साडीत माझ्याकडे बघून कशाला तरी हसत होती. मग विसर्जन. अल ऐनला समुद्र कुठला आणायचा? न्हाणीघरात निळ्या प्लास्टिकच्या टबात पाणी भरून गणपती सोडला होता आणि सगळे दाटीवाटीने दारात उभे होते. टबातलं पाणी हललं आणि कॅसेट संपली. मी बराच वेळ रिकाम्या पडद्याकडे बघत बसलो. बायको मला बघायची होती, ती बघायला मिळाली होती.

ताई परत आल्यावर मी सहज विचारलं. ती म्हणाली, "त्या वर्षी शेजाऱ्यांचा खांद्यावरचा कॅमेरा आणला होता. कोरी कॅसेट नव्हती घरात. ही गणपतीचीच होती, म्हटलं पुढे जागा असेल, घातली." तेव्हा मला सगळा उलगडा झाला. एक्स-रेचं यंत्र बसवायला आलेल्या कुठल्याशा युरोपी इंजिनियरने ती कॅसेट साडूंना दिली असणार. घरात कोणी हात लावू नये म्हणून त्यांनी त्यावर 'गणपती' लिहिलं, कारण गेल्या वर्षीचा गणपती कोणीही बघायला काढत नाही. पण यंदाचा गणपती मात्र आमची माणसं त्याच कॅसेटवर घेतात, हे यंत्रं दुरुस्त करणाऱ्या त्या सुपीक डोक्यात आलं नाही. शेवटची पंधरा मिनिटं त्यांनी उद्या निवांत बघू म्हणून ठेवली होती आणि कॅसेट तिथेच थांबलेली होती. बरं, तक्रार कोणाकडे करणार? काय पुसलं गेलं ते आधी सांगायला लागलं असतं.

हे गुपित मी कित्येक वर्षं शस्त्रासारखं जपलं. मग आमच्या कारखान्यात भट्टी बसवायला एक परदेशी इंजिनियर आला. त्याला मी पावाच्या गाडीची गोष्ट सांगितली तर तो पोट धरून हसला आणि पुढच्या खेपेला डीव्हीडीच घेऊन आला. आता खाली इंग्रजी ओळी होत्या. मी दार लावून बघितला. तो शेवट असा होता: ते तिघं समुद्राशी पोचतात तेव्हा मोसम संपलेला असतो. पाऊस, हॉटेलांना कुलपं. पावाची गाडी बंद पडते ती परत सुरू होत नाही. ही कल्पना मुळात कोणाची, यावरून तिघं भांडतात आणि तीन वेगवेगळ्या बसमध्ये बसून निघून जातात. कोणी कोणाला हातसुद्धा करत नाही. मला हा शेवट अतिशय आवडला. साडूंच्या तोंडावर सांगण्यासाठीच जणू तो काढलेला होता. 'तीन बस, साडू. बघा तुम्ही, एन्जॉय करा.' वाक्यसुद्धा पाठ करून ठेवलं.

मुहूर्त मिळाला तो त्यांच्या निरोपाच्या शुक्रवारी. साडूंना साठ वर्षं झाली, नोकरी संपली, व्हिसा रद्द झाला. चोवीस वर्षांचा संसार कार्गोच्या खोक्यांत भरून आधीच पुण्याला गेला होता. संध्याकाळी अबू धाबीहून विमान होतं आणि मी आणि बायको त्यांना पोचवायला जाणार होतो. दुपारी रिकाम्या घरात जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरून आम्ही जेवलो. मुलगा कॅनडाहून मदतीला आला होता. बोलताना घरभर आवाज घुमत होता. सगळे आपापल्या पानाकडे बघत होते. अशा वेळी हा माणूस गप्प बसेल तर शपथ. त्यांनी ताकाचा पेला खाली ठेवला आणि पावाची गाडी बाहेर काढली. मी टेकून बसलो. म्हटलं, या.

गाडी निघाली, खोली एकच मिळाली, सगळे चार वेळा भिजले. डोंगर उतरला, निळी रेघ दिसली. साडू थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, "पोचतात ते समुद्राशी. अगदी वाळूपाशी गाडी उभी करतात. पण कोणी खाली उतरत नाही. जो चालवत असतो ना, तो इंजिन बंदच करत नाही. बंद केलं की उतरायला लागणार. म्हणून तिघं तसेच बसून राहतात, इंजिन चालू. संपला सिनेमा."

ताई खरकटं गोळा करता करता थांबली. मुलगा म्हणाला, "बाबा, कम ऑन. एव्हरी टाइम इट्स डिफरंट. यू मेड दॅट अप." चढ्या आवाजात नाही, हसतच म्हणाला. पण साडूंचा चेहरा उतरला. ते वर्तमानपत्राची कड दुमडत बसले. माझं वाक्य जिभेच्या टोकाशी तयार होतं. इतक्या वर्षांची वाट होती ती. मी तोंड उघडलं आणि माझ्याच कानांनी ऐकलं, "नाही रे बाळा. मी बघितलाय तो सिनेमा. असाच आहे शेवट. इंजिन चालूच राहतं."

"रिअली, काका?"

"रिअली. आमच्या इंजिनियरने डीव्हीडी आणली होती."

"मग मला नाही सांगितलंत?" माझी बायको म्हणाली. "इतका चांगला सिनेमा. घरी आहे ना? उद्या लावू, आपण दोघं बघू." त्या डीव्हीडीचं पुढे मला काय करावं लागलं, तो विषय वेगळा आहे.

गाडीत दोघी बहिणी आणि मुलगा मागे, साडू माझ्या शेजारी. अल ऐनमधून बाहेर पडायला मला दर चौकात चक्कर घ्यावं लागत होतं आणि प्रत्येक वेळी हे आता काहीतरी गोष्ट सुरू करतील असं वाटत होतं. शेवटच्या चक्करला तर मी मुद्दाम एक फेरी जास्त मारली. साडू रस्त्याच्या दोन्ही बाजूंची वाळू आणि मधली खजुरीची झाडं बघत राहिले. विमानतळाच्या अलीकडच्या खलिफा सिटीच्या पाट्या दिसायला लागल्यावर मागच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने त्यांनी विचारलं, "साडूबुवा, खरंच बघितलात?"

"बघितला."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

जरा वेळाने म्हणाले, "पोचतात ना ते?"

"पोचतात," मी म्हटलं. हे खोटं नव्हतं.

"बास मग. पुढचं सांगू नका."

ज्याने मला जन्मात एक खुनी सुखाने शोधू दिला नाही, तो माणूस हे म्हणत होता. मला हसायला हवं होतं. मी उगाच समोरचा आरसा सारखा केला. विमानतळाच्या दाराशी मी गाडी लावली. कोणी उतरलं नाही. ताई डोळे पुसत होती, माझी बायको तिचा हात धरून होती, साडू समोर बघत होते. किल्लीवर माझा हात होता, पण मी ती फिरवली नाही. एसीचा आवाज येत राहिला. अखेर पोलीस आला, काचेवर बोटं वाजवून, चला निघा अशा अर्थाने म्हणाला, "यल्ला, यल्ला, सदीक." मग आम्ही उतरलो.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी मी सवयीने एक रहस्यपट घेऊन आलो. मशीनमध्ये घातला आणि फोनकडे बघत बसलो. बायको म्हणाली, "लावा की, कोणाची वाट बघताय?" दहा मिनिटांनी लावला. शेवटी डॉक्टर खुनी निघाला. मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं.